‘तारण’ म्हटलं की लोकांना सोनं आठवतं: श्रद्धेबद्दल साध्या मराठीत कसं बोलायचं?

कांजूरकर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. आमच्या मंडळीत (म्हणजे चर्चमध्ये. बघा, इथूनच घोळ सुरू होतो) तरुणांसाठी सहा रविवारांचा वर्ग ठरतोय. ऑफिस, सोसायटी, लोकल, हॉस्पिटल अशा रोजच्या ठिकाणी कुणी श्रद्धेबद्दल विचारलं तर काय सांगायचं, किती सांगायचं, हा विषय. मुलं संडे स्कूलमध्ये वाढलेली. ‘साक्ष’ (आपला श्रद्धेचा अनुभव सांगणं), ‘तारण’ (पापातून सुटका), ‘नवा जन्म’ (येशूवर विश्वास ठेवून आतून बदलणं), ‘अभिषेक’ (पवित्र आत्म्याचं बळ मिळणं) हे शब्द त्यांच्या तोंडात इतके बसलेत की बाहेरच्याला त्यातलं काही कळत नाही, हेच त्यांच्या ध्यानात येत नाही. दुसरीकडे काही जणांचं म्हणणं, आपण नीट वागावं, बोलायची गरजच काय. असिसीच्या संत फ्रान्सिसचं ते वाक्यही लगेच पुढे येतं: सुवार्ता (येशूबद्दलची चांगली बातमी) सांगत राहा, लागलेच तर शब्द वापरा.

मला नेमकं हवंय. कुठले शब्द टाळायचे, त्याऐवजी काय म्हणायचं, सणावारी विचारतात त्याला काय उत्तर द्यायचं, पाहुण्याला उपासनेला आणलं तर आधी काय सांगून ठेवायचं. आणि थांबायचं कुठे.

शिकवणी_भायखळा

वर्गाची सुरुवात शब्दांपासून करा. मुंबईत स्टेशनाबाहेर पडलं की ‘सोनेतारण कर्ज’ अशी पाटी हमखास दिसते. तारण म्हणजे गहाण ठेवलेली वस्तू. मग ‘येशूमध्ये माझं तारण आहे’ हे ऐकणाऱ्याच्या डोक्यात काय उमटत असेल? आपण ‘उधळ्या पुत्राचा दाखला’ म्हणतो, म्हणजे येशूने सांगितलेली बोधकथा; समोरच्याला तहसील कचेरीतला उत्पन्नाचा दाखला आठवतो. साक्ष कोर्टात देतात. अभिषेक दूध-दही-मधाचा असतो. ‘पाळक (चर्चचे धर्मगुरू) येणार आहेत’ हे निम्म्या लोकांना ‘पालक येणार आहेत’ असं ऐकू येतं.

पण हे गैरसमज एका वाक्यात सुटतात. जो शब्द समोरच्याला कळतो, पण वेगळाच कळतो, तो जास्त त्रास देतो. ‘नवा जन्म’ घ्या. मराठी माणसाला जन्म-मरणाचा फेरा माहीत आहे, आणि त्यातून सुटायचं असतं हेही माहीत आहे. तुम्ही आनंदाने सांगता की मला नवा जन्म मिळाला. तो मनात म्हणतो, म्हणजे अजून एक फेरा. ‘पुनरुत्थान’ हाही त्याला पुनर्जन्मच वाटतो. तिथे थांबून फरक सांगावा लागतो: दुसऱ्या देहात परत येणं नव्हे; ज्याला पुरलं तोच येशू तिसऱ्या दिवशी जिवंत झाला, शिष्यांबरोबर जेवला, हाताच्या जखमा दाखवल्या. तपशील दिला की शब्द आपोआप लागतो.

‘पवित्र आत्मा’ म्हटलं की मेलेल्याचा आत्मा किंवा अंगात येणं डोळ्यापुढे येतं. ‘देव स्वतः आपल्याजवळ राहून बळ देतो’ एवढं पहिल्या दिवशी पुरतं. ‘पाप’ म्हणजे पाप-पुण्याच्या वहीतली एक नोंद, तीही खून-चोरीसारखी मोठी. समोरच्याला थेट ‘आपण सगळे पापी’ ऐकवलं की त्याला शिवी दिल्यासारखं वाटतं, आणि त्याचं चूक नाही. आधी बायबलमधल्या लूकच्या पुस्तकातली (१५:११-३२) त्याच उधळ्या मुलाची गोष्ट सांगा. धाकटा मुलगा बाप जिवंत असताना वाटणी मागतो, सगळं उधळतो, डुकरं राखायची पाळी येते, परत निघतो. बाप लांबून बघून धावत सुटतो. वाटणीवरून घरं कशी फुटतात हे मराठी माणसाला समजावून द्यावं लागत नाही. बाप हयात असताना हिस्सा मागणं म्हणजे काय, हे त्याला आपल्यापेक्षा नीट कळतं. पाप हा शब्द न उच्चारता अर्थ पोहोचलेला असतो.

त्रैक्यावर (देव एकच, पण पिता, पुत्र आणि आत्मा असे तिघे) दोन सोपे दृष्टांत मुलांच्या तोंडी असतात, दोन्ही टाकून द्या. पाणी-बर्फ-वाफ: तेच पाणी एका वेळी एकाच रूपात असतं, म्हणजे पिता, पुत्र, आत्मा ही एकाच नटाची तीन सोंगं ठरतात. ही शिकवण मंडळीने तिसऱ्या शतकातच नाकारली होती. दुसरा बेलाच्या पानाचा: तिथे प्रत्येक दल एक तृतीयांश, आणि शिवाय बेल म्हटलं की मन महादेवाकडे जातं. त्यापेक्षा मार्क १:९-११ वाचून दाखवा. येशू पाण्यातून वर येतो, आत्मा कबुतरासारखा उतरतो, आकाशातून वाणी होते. तिघे एकाच प्रसंगात, आणि आम्ही मानतो तो देव एकच. याहून जास्त सोपं करायला गेलं की चुकीचंच होतं.

‘म्हणजे येशू अवतारच ना?’ हे हमखास येणार. ‘नाही, नाही’ म्हणून तुटून पडू नका. देव माणसांत येतो ही कल्पना समोरच्याकडे आहे, ही मोठीच सोय आहे. फरक शांतपणे सांगा. आमच्या श्रद्धेत तो एकदाच आला, युगायुगांत पुन्हा पुन्हा नाही. आणि गीतेतलं ‘परित्राणाय साधूनां विनाशाय च दुष्कृताम्’ बऱ्याच जणांना पाठ असतं. येशू मार्क २:१७ मध्ये म्हणतो की मी नीतिमानांना नव्हे, पाप्यांना बोलवायला आलोय. कुणाचं श्रेष्ठ हा वाद घालायचा नाही, फक्त फरक दाखवायचा. कळलं पाहिजे, पटलंच पाहिजे असं नाही.

सरावाची रीत अशी. बारा शब्दांची यादी फळ्यावर लिहा: तारण, साक्ष, दाखला, शुभवर्तमान, अभिषेक, नवा जन्म, पश्चात्ताप, कृपा, मंडळी, वचन, गौरव, आशीर्वादित. हे न वापरता ‘तू रविवारी चर्चला का जातोस?’ याचं उत्तर तीन वाक्यांत लिहायला लावा. मोबाइलवर चाळीस सेकंद लावा. मग दुसऱ्याने ते ऐकून स्वतःच्या शब्दांत परत सांगायचं. परत सांगताना जिथे अर्थ घसरतो, तिथला शब्द बदला. पहिल्या फेरीत सगळे ‘शांती मिळते’ म्हणतात. ते कापा. शांती विपश्यनेत मिळते, मरीन ड्राइव्हच्या कठड्यावरही मिळते. उत्तरात येशूचं नाव आणि त्याने केलेली एक तरी गोष्ट आली पाहिजे.

पौल हा येशूचा संदेश गावोगाव सांगणारा सुरुवातीचा प्रचारक. त्याची तीन भाषणं शेजारी शेजारी ठेवून एक तास घ्या. बायबलमधलं ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक, अध्याय १३: यहुद्यांच्या सभास्थानात तो मिसर देशातून सुटकेपासून सुरू करतो, कारण ऐकणाऱ्यांना तो इतिहास पाठ आहे. अध्याय १४, लुस्त्र: समोर गावकरी, तिथे शास्त्राचा एकही उतारा नाही; पाऊस, पीक, पोटभर अन्न. अध्याय १७, अथेन्स: ‘अज्ञात देवाला’ अशी वेदी आणि त्यांच्याच कवींच्या ओळी. सांगणारा तोच, सांगायचं तेच, सुरुवात तीन जागी. आपली मुलं मात्र प्रत्येक ठिकाणी तेराव्या अध्यायातलं भाषण करतात.

गिरगाव_वाचक

मी ख्रिस्ती नाही, त्यामुळे फक्त ऐकणाऱ्याच्या बाजूने.

‘मूर्तिपूजक’ हा शब्द तुम्हाला वर्णन वाटत असेल, आम्हाला तो अपमान वाटतो. ‘विश्वासणारे’ म्हटलं की आम्ही अविश्वासणारे ठरतो. ‘प्रेषित’ म्हटल्यावर मराठी वर्तमानपत्रं वाचणाऱ्याला प्रेषित महंमद आठवतात, पौल-पेत्र नाही. ‘यो. ३:१६’ असं रिक्षाच्या मागे लिहिलेलं असतं, ते गाडीच्या नंबरासारखं दिसतं. ग्रंथ, अध्याय, वचन असा तो पत्ता आहे हे कुणी सांगितल्याशिवाय कळत नाही.

उलट बाजूही लक्षात घ्या. आम्हाला काहीच माहीत नाही असंही धरू नका. ना. वा. टिळकांची कविता मराठी शाळेत पिढ्यान्‌पिढ्या पाठ झालेली आहे. पंडिता रमाबाई माहीत असतात, पण त्यांनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर केलं हे माहीत नसतं. माहितीत भोकं असतात, पाटी कोरी नसते. ‘तुम्हाला कितपत माहीत आहे?’ असं विचारून मग सुरू केलंत तर निम्मं भाषण वाचेल.

आणि आजारी शेजाऱ्याकडे डबा नेलात तर डबाच न्या. त्याच पिशवीत पत्रक ठेवलंत की डब्याचं आमिष होतं, मग भाजी कितीही चांगली असो.

मरोळ_पॅरिश

वरचं शेवटचं वाक्य वर्गात भिंतीवर लावा.

सणांचं कॅथलिक बाजूने सांगतो, प्रोटेस्टंट मंडळ्यांत काही गोष्टी वेगळ्या असतात.

वर्षातली सगळ्यात सोपी संधी राखेच्या बुधवारी मिळते. २०२७ मध्ये तो १० फेब्रुवारीला आहे. सकाळच्या मिस्साला (कॅथलिक उपासनेला) कपाळावर राखेचा क्रूस लागतो आणि माणूस तसाच ऑफिसला जातो. दहा वाजेपर्यंत तीन जण विचारतात: कपाळाला काय लागलंय? इथे दोन चुका होतात. एक, ‘काही नाही’ म्हणून रुमालाने पुसणं. दोन, आदाम-हव्वेच्या एदेन बागेपासून सुरुवात करणं. उत्तर एवढंच: ‘आज आमचा उपवासकाळ सुरू झाला. ही मागच्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी चर्चमध्ये वापरलेल्या झावळ्या जाळून केलेली राख आहे. आपण मातीचे आहोत आणि देवाकडे परत वळायचंय, याची खूण.’ अंगारा-भस्म ओळखणाऱ्या माणसाला राख परकी नाही. फक्त ती संरक्षणासाठी किंवा बाधा उतरवायला नसते, हे विचारलं तर सांगा.

दुसरा प्रश्न कँटीनमध्ये येतो: ‘मग साबुदाणा चालतो ना?’ आपल्याकडे उपवास म्हणजे कुठले पदार्थ चालतात याची यादी. इथे यादी जवळपास नाहीच. राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोन दिवशी १८ ते ५९ वयाच्यांनी एकदाच पूर्ण जेवायचं, बाकी दोनदा थोडं, दोन्ही मिळून एका जेवणापेक्षा कमी. वयाची १४ पूर्ण झालेल्यांनी मांस टाळायचं. मासे आणि अंडी चालतात, त्यावर ‘हा कसला उपवास!’ असं हसणं होणार. हसू द्या. मग सांगा की पदार्थापेक्षा वाचलेले पैसे गरजूला देणं आणि प्रार्थना, हा त्याचा दुसरा अर्धा भाग आहे. चाळीस दिवस कसे मोजता, असंही कुणीतरी कॅलेंडर काढून विचारतं: बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत ४६ दिवस भरतात, त्यातले सहा रविवार धरत नाहीत.

गुड फ्रायडेला ‘हॅपी गुड फ्रायडे’ असे मेसेज येतात. गटात सर्वांसमोर दुरुस्त करू नका. ‘धन्यवाद. आज येशूच्या मृत्यूचा दिवस, म्हणून आम्ही शांत असतो. रविवारी ईस्टर, तेव्हा शुभेच्छा नक्की घेईन’ असं लिहा. तारीख दरवर्षी का बदलते, याचं उत्तर मराठी माणसाला चटकन कळतं, कारण तिथीचा हिशेब त्याच्या अंगवळणी आहे: २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार म्हणजे ईस्टर. पौर्णिमा चर्चच्या तक्त्यावरची, त्यामुळे कधीतरी एका दिवसाचा फरक पडतो.

नाताळात गव्हाणीपाशी (येशूजन्माच्या देखाव्यापाशी) लहान मुलं जास्त थांबतात. मेंढरं आहेत, मरिया-योसेफ आहेत, मधलं गवत रिकामं. बाळ कुठेय? २४ तारखेच्या रात्री ठेवतात. जिन्यातल्या मुलाला एवढं सांगितलं तरी पुरे. तो २५ ला सकाळी बघायला येतो. दारातली चांदणी अनेकांना कंदीलच वाटते. ज्ञानी लोकांना वाट दाखवणारा तारा, हे एका वाक्याचं काम. फराळाच्या डब्यावर चिठ्ठी लावा: केकमध्ये अंडं आहे की नाही, रम आहे की नाही. जैन शेजाऱ्यांना फळं किंवा सुका मेवा द्या. न विचारता एवढी काळजी घेतली की शेजाऱ्याला तुमच्याबद्दल बरंच कळतं.

मोत माऊलीबद्दल (वांद्र्याच्या माउंट मेरी चर्चमधली मरिया) विचारतातच. ८ सप्टेंबरनंतरच्या रविवारी वांद्र्याची जत्रा सुरू होते, मेणाचे हात-पाय-घरं घेऊन सगळ्या धर्मांचे लोक चढण चढतात. माहीमला बुधवारच्या नोव्हेना प्रार्थनेलाही तेच. ‘तुमची देवी’ असं कुणी म्हटलं तर: ‘मरिया येशूची आई. आम्ही तिला देव मानत नाही, आमच्यासाठी प्रार्थना कर असं तिला म्हणतो.’ प्रोटेस्टंट मित्र इथे वेगळं सांगतील. त्यांनी सांगावं, पण बाहेरच्या माणसापुढे आपसात भांडू नका.

पाहुण्याला मिस्साला आणताना आदल्या दिवशीच सांगून ठेवा. साधारण तासभर लागतो. मराठी मिस्साची वेळ निवडा, ती रोजची असेलच असं नाही, सूचनाफलक बघा. बहुतेक चर्चमध्ये चपला काढायच्या नसतात, नाहीतर पाहुणा दारात रॅक शोधत बसतो. मागच्या तिसऱ्या-चौथ्या बाकावर कडेला बसवा, म्हणजे कधी उठायचं ते पुढच्यांकडे बघून कळतं. गुडघे टेकायची सक्ती नाही. दानाची पिशवी फिरते, त्यात पाहुण्याने काही टाकायची गरज नाही. एकमेकांना ‘शांती असो’ म्हणायची वेळ येते, तेव्हा हात जोडायचे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ख्रिस्तशरीर स्वीकारायला रांग लागते तेव्हा पाहुणा प्रसाद समजून सरळ रांगेत जातो, कारण प्रसाद नाकारणं त्याला उद्धटपणा वाटतं. आधीच सांगा: हा प्रसाद नाही, आमच्या श्रद्धेत हे ख्रिस्ताचं शरीर आहे, दीक्षा आणि तयारी झालेल्या कॅथलिकांसाठीच, तुम्ही बसून राहिलात तर कुणालाही गैर वाटणार नाही. नंतर रांगेतून परत पाठवणं दोघांनाही लाजिरवाणं.

कांजूरकर

फार उपयोगी. दोन गोष्टी राहिल्या. हॉस्पिटलमध्ये सहकाऱ्याला ‘प्रार्थना करू का?’ विचारावं का? आणि कायद्याच्या दृष्टीने वर्गात काय सांगावं?

चहा_आणि_कलम

घटनेच्या २५व्या कलमात धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क आहे; सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य या मर्यादा आहेत. १९७७ च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वं मांडणं, दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही. मुद्दाम धार्मिक भावना दुखावणारं बोलणं भारतीय न्याय संहितेच्या ३०२ कलमात बसतं. धर्मांतराबाबत राज्याराज्यांचे कायदे वेगळे आणि बदलते, म्हणून वर्गाच्या आठवड्यात महाराष्ट्रातली स्थिती वकिलाकडून लेखी घ्या, जुन्या फॉरवर्डवर विसंबू नका.

व्यवहारात: हाताखालच्या माणसाशी हा विषय आपण काढायचा नाही, कारण त्याला ‘नको’ म्हणता येत नाही. अठराच्या आतल्या मुलाशी आईवडिलांच्या माघारी नाही. फी, नोकरी, औषधाचा खर्च आणि श्रद्धा एका वाक्यात आणायचे नाहीत, गमतीतही नाही. सोसायटीच्या ग्रुपवर रोज सकाळी वचन टाकणाऱ्याला लोक म्यूट करतात, मग पाण्याच्या टँकरचा निरोपही कुणी बघत नाही.

हॉस्पिटलमध्ये विचारा, पण ‘नाही’ म्हणायला जागा ठेवून: ‘तुमच्यासाठी मी घरी प्रार्थना करणारच आहे. इथे केलेली चालेल का, की नको?’ हो म्हटलं तर बसून, हळू आवाजात, अर्ध्या मिनिटात. डोक्यावर हात नाही. ‘बरं होणारच’ असं वचन देवाच्या वतीने द्यायचं नाही. गोळ्या बंद करा असं तर कधीच नाही. शेवटी ‘आमेन’ म्हणजे ‘तसंच होवो’ हे सांगा, आणि मग डबा, रिक्षा, बिलाची रांग यातलं काय करू ते विचारा.

शिकवणी_भायखळा

फ्रान्सिसच्या वाक्याबद्दल राहिलं. ते त्यांच्या लिखाणात कुठेही सापडत नाही, आणि ते स्वतः गावोगाव फिरून उपदेश करत. नुसतं चांगलं वागलं तर मुंबईत लोक म्हणतात ‘माणूस सज्जन आहे’, आणि श्रेय तुमच्या आईवडिलांना जातं. बायबलमधल्या पेत्राच्या पहिल्या पत्रात (३:१५) दोन्ही अर्धे आहेत: विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार असा, आणि ते सौम्यतेने, आदराने द्या. विचारणारा असेल तेव्हा.

कुणी वाचायला मागितलं तर पूर्ण बायबल हातात देऊ नका. ६६ पुस्तकं (कॅथलिक आवृत्तीत ७३), बारीक टाइप. माणूस उत्पत्तीपासून धरतो आणि लेवीयला सोडतो. नव्या करारापासून सांगितलं तर मत्तयच्या पहिल्या पानावर वंशावळ. मार्कने लिहिलेलं येशूचं चरित्र द्या, सुटं पुस्तक मिळतं. १६ अध्याय, जाताना एक, येताना एक, म्हणजे ऑफिसचे आठ दिवस. एक अध्याय पाच-सहा मिनिटांत होतो, चौदावा तेवढा लांब, ७२ वचनांचा. मार्क निवडायचं खरं कारण वेगळंच आहे: वाचकाला यहुदी रीतीभाती माहीत नाहीत हे तो धरूनच लिहितो. ७:३-४ मध्ये गोष्ट थांबवून हात धुण्याची पद्धत समजावतो. ५:४१ ला ‘तलीथा कूम’ हे मूळ शब्द देऊन लगेच अर्थ सांगतो, ‘मुली, ऊठ’. तुमच्या वर्गाला हाच नमुना दाखवा.

एक तयारी ठेवा. सोळाव्या अध्यायात ९ ते २० या वचनांना अनेक आवृत्त्यांत कंस किंवा तळटीप असते, आणि लक्ष देऊन वाचणारा तेच पहिलं विचारतो. सर्वांत जुन्या हस्तलिखितांत ती वचनं नाहीत, तिथे पुस्तक आठव्या वचनाला संपतं, बायका घाबरून कबरेपासून पळतात तिथे. हे लपवायचं नाही, तसंच सांगायचं.